ठाणे-नवी मुंबईतला शस्त्र परवाना : सेवेला पाचपैकी तीन, आणि दोन गुण कुठे कापले

ऐरोली ठाणे जिल्ह्यात येते, पण तिथल्या रहिवाशाचा शस्त्र परवान्याचा अर्ज ठाण्याला चालत नाही. ज्या भागात पोलीस आयुक्त नेमलेला आहे, तिथे शस्त्र कायद्यापुरता तोच जिल्हा दंडाधिकारी. म्हणून ऐरोली-वाशी-पनवेलचा अर्ज नवी मुंबईच्या आयुक्तांकडे जातो आणि ऐरोलीला लागून असलेल्या कळव्याचा ठाण्याच्या. मिरा रोडचा २०२० साली सुरू झालेल्या मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाकडे, तर मुरबाड-शहापूरचा थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे. ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर हा परवाना देणारा प्राधिकारी सुरुवातीलाच निवडावा लागतो. इथे चुकलात तर पुढचे सगळे कागद बरोबर असूनही काही आठवडे फुकट जातात. पत्त्यातला ‘जिल्हा’ पाहू नका, तुमचे पोलीस ठाणे कोणत्या आयुक्तालयात आहे ते पाहा.

या सेवेला आम्ही पाचपैकी तीन गुण देतो. ते कशावर मोजले, ते आधी सांगतो. परवाना पटकन मिळतो की उशिरा, हा आमचा मुख्य निकष नाही. शस्त्रांवरचे नियंत्रण कितपत सभ्य आहे हे पाहायला दोन प्रश्न पुरतात. नियमातून सूट कोणाला आहे? आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण लिहून द्यावे लागते का?

सोसायटीच्या गटावर बंदुकीचा विषय निघाला की कोणीतरी ‘हिटलरने आधी लोकांच्या बंदुका काढून घेतल्या’ हा संदेश पुढे ढकलतोच. तो अर्धाच खरा आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघाले ते १९१९ साली, आणि परवान्यांची रीतसर पद्धत आली १९२८ च्या कायद्याने. दोन्ही वेळी सत्तेवर प्रजासत्ताक होते. नाझींनी मार्च १९३८ मध्ये नवा कायदा केला तो उलट सैल होता. रायफल आणि शॉटगन घ्यायला परवान्याची गरज उरली नाही, वयाची अट वीसवरून अठरावर आली, परवान्याची मुदत एका वर्षावरून तीन वर्षे झाली आणि पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना सूट मिळाली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनास्थळे फोडली-जाळली गेल्यावर दोनच दिवसांनी, वेगळा आदेश आला : ज्यूंनी कोणतेही शस्त्र बाळगायचे नाही, सुरे-सोटेसुद्धा. म्हणजे बंदुका सगळ्यांच्या गेल्या नाहीत. ठरावीक लोकांच्या गेल्या आणि ठरावीक लोकांच्या वाढल्या. सोव्हिएत रशियात डिसेंबर १९१८ च्या फर्मानानेही जनतेला शस्त्रे जमा करायला लावली, पण कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्याला एक रायफल आणि एक रिव्हॉल्व्हर ठेवायची मुभा होती.

याच संदेशाची दुसरी बाजू अशी, की शस्त्रे घरोघरी असली म्हणजे हुकूमशाही येत नाही. सद्दामच्या इराकमध्ये घरोघरी बंदुका होत्या, तरी तो चोवीस वर्षे राष्ट्राध्यक्ष राहिला. आणि ऑस्ट्रेलियाने पोर्ट आर्थर इथे ३५ जणांची हत्या झाल्यानंतर १९९६-९७ मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास शस्त्रे पैसे देऊन परत घेतली. तिथे निवडणुका वेळच्या वेळी होतात. बंदुकांच्या संख्येवरून राज्यपद्धती ओळखता येत नाही.

आपल्याला याचा धडा परदेशातून आणायची गरजही नाही. १८७८ चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळातला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांना परवान्यातून सूट होती, बाकीच्यांना नव्हती. वंशावर बेतलेली ही सूट जायला १९२० उजाडले. तोवर बंदुका यायच्या त्या वेगळ्या वाटेने. सावरकरांनी लंडनहून पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांनी पेटीच्या चोरकप्प्यातून आणली. नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सनवर चालले ते त्यांतलेच पिस्तूल. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिले ते याच ठाण्याच्या तुरुंगात. पुढे १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवान्यांची मागणी होती, आणि काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मूलभूत हक्कांत मोजला होता. राज्यघटनेत तो आला नाही. लिटनचा कायदाही स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षे चालला. त्याच्या जागी १९५९ चा कायदा अमलात आला तो १ ऑक्टोबर १९६२ पासून.

आता खिडकीवर येऊ. अर्ज नमुना ए-१ मध्ये, केंद्राच्या ‘एनडीएएल-एएलआयएस’ पोर्टलवर. वय एकवीस पूर्ण हवे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली असेल तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे दार बंद. सोबत लागतात फोटो, ओळखीचा, जन्मतारखेचा आणि राहण्याचा पुरावा, शारीरिक-मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि ते घरी सुरक्षित ठेवण्याची हमी. शेवटच्या तीन कागदांना नेमून दिलेले नमुने आहेत. डॉक्टरांनी आपल्या लेटरहेडवर ‘प्रकृती उत्तम’ लिहून दिलेले चालत नाही. भाड्याने राहणाऱ्याने करार नोंदणीकृत आणि मुदतीत आहे ना, ते पाहावे. पडताळणीला पोलीस येईपर्यंत अकरा महिन्यांचा करार संपलेला असतो आणि फाइल तिथेच थांबते.

सगळ्यात जास्त अर्ज मार खातात ते ‘कारण’ या रकान्यात. तिथे नुसते ‘स्वसंरक्षणासाठी’ लिहिणे म्हणजे कोरे ठेवल्यासारखेच. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्राधिकाऱ्याने गंभीर आणि संभाव्य धोका पाहायचा आहे, तेव्हा धोका कागदावर दिसला पाहिजे. धमकीची तारीख, तेव्हा नोंदवलेल्या अदखलपात्र किंवा दखलपात्र तक्रारीचा क्रमांक, रोकड किंवा दागिने नेण्याचा मार्ग आणि वेळ, व्यवसायाची नोंदणी, विवरणपत्रे, असे सगळे लावा. धमकी आली तेव्हा तक्रार केली नाही आणि अर्जात मात्र तिचे वर्णन केले, तर पहिला प्रश्न तोच विचारला जातो. नेमबाजांची वाट वेगळी : संघटनेचे सदस्यत्व आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे हाच त्यांचा पुरावा.

बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची, निवडही जपून करा. .३२ चे रिव्हॉल्व्हर-पिस्तूल किंवा १२ बोअरची बंदूक या नागरिकांसाठीच्या वर्गात मोडतात. ९ एमएम आणि .३०३ प्रतिबंधित बोअर आहेत, त्यांचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाचा. चित्रपटात पाहून ९ एमएम मागणारा अर्ज या खिडकीवर निकाली निघणारच नाही.

पोलीस अहवालाला नियमात तीस दिवस आहेत, आणि अहवाल आल्यावर प्राधिकाऱ्याला साठ. अहवाल वेळेत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय देण्याची मुभा १९५९ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. मुभा, सक्ती नव्हे, त्यामुळे ती क्वचितच कोणी वापरतो. पाठपुरावा करायचा तर तोंडी चकरांपेक्षा अर्ज क्रमांक टाकून, कलम सांगून लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

नकार आला तर? गुण मिळतात ते इथे. कलम १४ प्रमाणे प्राधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवायची आणि अर्जदाराने मागितली तर थोडक्यात द्यायची. मागितली तर, हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण बहुतेक जण मागतच नाहीत. त्याच कलमात लिहिले आहे, की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येणार नाही. जमीनदार आणि रावबहादुरांचे लाड करणाऱ्या जुन्या नियमांनंतर हे वाक्य मुद्दाम वाचावे असे आहे. कलम १८ खाली अपील आहे. अपिलात नवी कहाणी सांगू नका, नकाराचे प्रत्येक कारण घेऊन त्यासमोर कागद लावा. जर्मनीतल्या ज्यूला किंवा १८८० च्या ठाण्यातल्या शेतकऱ्याला यातले काहीच नव्हते.

आता कापलेले दोन गुण. ‘सार्वजनिक शांतता’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या दोन शब्दांत काहीही बसते, आणि कारण सांगणे जनहिताचे नाही असे वाटले तर प्राधिकारी ते सांगणेही टाळू शकतो. एक गुण तिथे गेला. दुसरा सवलतींवर. धोक्याच्या निकषात ज्याची ओळख मोठी त्याचा धोका आपोआप मोठा दिसतो, आणि एकट्याने राहणाऱ्या म्हाताऱ्याचा लहान. कर्नाटकातल्या कोडगूच्या लोकांना परवान्यातून सूट आहे, ती ब्रिटिशांच्या वेळेपासून चालत आली आहे आणि २०१९ मध्ये आणखी दहा वर्षे वाढवली. तिच्यामागे तिथली परंपरा आहे हे मान्य, तरी सूट ती सूटच.

शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीबद्दल अर्धवट शंका आमच्याही मनात आहे. आज प्रत्येक परवान्याला विशिष्ट ओळख क्रमांक लागतो, तो नसेल तर परवाना अवैध. हरवलेले शस्त्र शोधायला आणि बनावट परवाने पकडायला याचा उपयोग उघड आहे. पण जर्मन प्रजासत्ताकाने सद्हेतूने ठेवलेल्या नोंदी १९३३ नंतर घरझडत्यांच्या कामी आल्या. नोंदवही असू नये असे नाही. ती कोण उघडतो याचीही नोंद राहावी.

परवाना हाती आल्यावर तो मराठी माणसाच्या सवयीप्रमाणे प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवण्याआधी पूर्ण वाचा. त्यात दोन आकडे असतात : एका वेळी किती काडतुसे बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची. क्षेत्रही लिहिलेले असते. ‘महाराष्ट्र’ असेल तर गाडीत शस्त्र ठेवून घोडबंदरमार्गे वापीला निघालेला माणूस राज्याची हद्द ओलांडताच विनापरवाना ठरतो. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच, आणि ठरलेल्या मुदतीत शस्त्राच्या क्रमांकाची नोंद करून घ्या. घरी शस्त्र रिकामे करून लोखंडी कपाटात, काडतुसे वेगळ्या कुलपात. पत्ता बदलला, कळव्याहून ऐरोलीला गेलात तरी, दोन्ही आयुक्तालयांना कळवायला हवे.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे, आणि परवाना पाच वर्षांचा. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वारसाचा घोळ सर्वांत जास्त. वडील गेले की बंदूक माळ्यावर राहते, आणि त्या दिवसापासून घरातले सगळे अडचणीत येतात. ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, मग वारसाचा अर्ज करा. परवानाधारक सत्तरीला पोचला असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असेल, तर हयातीतच वारसाला देता येते. तोच मार्ग सोयीचा.

निवडणुका लागल्या की शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे सरसकट नाही, छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करायचा असतो : जामिनावर असलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले आधी. नोटीस आली तर वाद न घालता जमा करा आणि नोटिशीवर तुमच्यापुरते कारण आहे का ते पाहा. नसेल तर लेखी विचारा. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची स्थिती या तिन्हींची नोंद करून घ्या. पावसाळ्यात पोलिसांच्या मालखान्यात दोन महिने राहिलेल्या नळीला गंज चढतो, म्हणून देण्याआधी तेलाचा हात फिरवा.