लातूरहून मॉरिशसला पार्सल : टपाल खात्याची ईएमएस सेवा

मॉरिशसमध्ये नुकत्याच रुजू झालेल्या भाच्याला बहिणीने शिवलेली वाकळ आणि काही मराठी पुस्तके पाठवण्यासाठी आम्ही लातूरच्या टपाल कार्यालयातून ईएमएस, म्हणजे परदेशी स्पीड पोस्ट, ही सेवा घेतली आणि ती मला मनापासून आवडली. सीएन-२३ या सीमाशुल्क फॉर्मवर ‘घरगुती सामान’ असे मोघम न लिहिता प्रत्येक वस्तूचे नाव, नग, वजन आणि किंमत लिहावी, हे खिडकीवरील ताईंनी स्वतःहून समजावले. बेटावर नवख्या असलेल्या माणसाला त्यामुळे पार्सल सोडवताना फार खुलासे करावे लागत नाहीत. पावतीवरचा, ‘ई’ने सुरू होऊन ‘आयएन’ने संपणारा १३ अक्षर-अंकांचा, पार्सलचा माग काढण्याचा क्रमांक त्याला लगेच कळवावा. तिकडे कर लागल्यास तो सहसा घेणाऱ्यालाच भरावा लागतो. वाकळीच्या वजनामुळे खर्च वाढला, तरी दिवाळीचे पार्सल मी इथूनच पाठवणार आहे.