इयागोचा रुमाल आणि आमचा धुरा

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की रात्रभर नाटकं चालतात. दगा म्हणजे काय, हे आम्ही मंडपात बसूनच शिकलो. पण तिथला दगा वेगळ्या जातीचा आणि मित्राचा वेगळ्या.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त (1604 साली प्रयोग झाल्याची नोंद आहे, गो. ब. देवलांनी 1890 मध्ये त्याचा 'झुंझारराव' केला) सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा इयागो ठरवून त्याचा घात करतो. पद कॅसिओला मिळालं, हा त्याचा सल. ऑथेल्लोच्या बायकोचा, डेस्डिमोनाचा, रुमाल कॅसिओच्या खोलीत टाकायचा आणि तिचं कॅसिओशी सूत आहे म्हणून ऑथेल्लोच्या कानाशी लागायचं. गंमत म्हणजे सगळे त्याला 'प्रामाणिक' म्हणतात!

माझ्या मित्रानं काहीच योजलं नव्हतं. पोरीच्या लग्नाला पैसे कमी पडतात, हे मी त्याला एकट्याला सांगितलं होतं. त्यानं टपरीवर, चहा बशीत ओतता ओतता, धानाच्या व्यापाऱ्यासमोर बोलून टाकलं. दुसऱ्या दिवशी भाव क्विंटलमागं दीडशे रुपयांनी उतरला. "घाई तुमाले हाये, मले नाही," व्यापारी म्हणाला.

नाटकात डेस्डिमोना मरते, ऑथेल्लो मरतो, पडदा पडतो. आमच्यात पडदाच नाही. शेतं लागून, धुरा म्हणजे बांध एक, पाण्याची पाळी एक. मला हाच दगा जड वाटतो. रागवायला धड शत्रूही सापडत नाही. उन्हाळी धानाच्या वेळी तो धुऱ्यावरून ओरडला, "पाणी आलं बे, तुया बांधीत सोडू का?" मी हो म्हटलं. लग्नाच्या पंगतीत वाढायला तोच होता. वरण मात्र मी त्याच्या हातून घेतलं नाही.