ठेका नसलेल्या मिक्ससाठी रीपर

कोल्हापुरात ‘डीजे’ म्हटले की विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंती डोळ्यांसमोर येतात. राजारामपुरीतल्या लहानशा खोलीत हेडफोन लावून तासभराचे ॲम्बियंट, म्हणजे ठेक्याविना संथ वाहणाऱ्या संगीताचे, मिक्स जुळवत बसणाऱ्याला घरचेसुद्धा डीजे मानत नाहीत. सॉफ्टवेअर निवडताना मात्र मी डीजेंसाठी म्हणून बनवलेलेच आपल्याला लागेल असे धरून चाललो आणि त्यात दोन महिने गेले.

सुरुवात केली ती नावाच्या शेवटी तीन ‘एक्स’ असलेल्या ‘मिक्स’ (Mixxx) या डीजे प्रोग्रॅमपासून. ते विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर चालते आणि दोन डेकवर, म्हणजे पडद्यावरच्या दोन प्लेअरवर, वाजवलेले थेट रेकॉर्डही करते. परंतु अशा प्रोग्रॅमची बहुतेक हुशारी ठेक्याभोवती फिरते. ज्या संगीतात ठेकाच नाही त्यातही ते मिनिटाला किती ठोके हे शोधतात, आणि दोन रचनांचे ठोके जुळवणारे ‘सिंक’ बटण दाबले की त्या काल्पनिक आकड्याला जुळवून घेण्यासाठी रचनेची गती बदलते. स्वर ओळखण्याची सोय मात्र खरोखर उपयोगी आहे, कारण अर्ध्या स्वराचे अंतर असलेले दोन लांब सूर एकत्र वाजू लागले, तर मिरजेच्या तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या आपल्या भागातल्या माणसाला ते क्षणभरही सहन होत नाही.

शेवटी स्थिरावलो ते रीपरवर. हा ध्वनी टाइमलाइनवर, म्हणजे पडद्यावरच्या वेळेच्या पट्टीवर, मांडून संपादित करण्याचा प्रोग्रॅम आहे. यात दोन रचना एकमेकींवर सरकवल्या की तेवढ्या भागाचा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा चढत जाणे, आपोआप तयार होतो. तो दोन मिनिटांपर्यंत ताणता येतो आणि त्याच्या वक्राचा आकारही निवडता येतो. हा आकारच कळीचा आहे. सरळ रेषेचा फेड घेतला, तर मध्यावर दोन्ही आवाज निम्म्यावर येतात आणि परस्परांशी संबंध नसलेल्या ध्वनींची एकत्रित पातळी सुमारे ३ डेसिबलने खाली बसते. समान शक्तीचा वक्र घेतला, तर मध्यावर प्रत्येक आवाज सुमारे ०.७ पट राहतो आणि हा खड्डा पडत नाही. त्याच वेळी जाणाऱ्या रचनेचा खर्ज ईक्यूच्या (उंच-खालच्या स्वरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या साधनाच्या) ऑटोमेशनने, म्हणजे आधी आखून दिलेल्या बदलाने, हळूहळू उतरवला, तर दोन खर्जांचा चिखल होत नाही. रंकाळ्यावर पहाटे मोबाइलवर टिपलेला पाऊस तिसऱ्या ट्रॅकवर टाकून त्यातली १५० हर्ट्झखालची वाऱ्याची घरघर काढणे हेही इथे पाच मिनिटांचे काम आहे.

रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. पहिल्या दिवशी त्यातल्या मेनूंची गर्दी पाहून धडकी भरते, हे मान्य केले पाहिजे. चार-पाच रचना नुसत्या जोडायच्या असतील, तर विनामूल्य ऑडॅसिटी पुरे. एबलटन लाइव्ह समर्थ आहे, पण महाग; शिवाय लांब ध्वनिफितींना आपोआप ठेक्यात बसवण्याची त्यातली सोय आधी बंद करावी लागते.

डेकवर वाजवत थेट रेकॉर्डिंग करण्याचा एक तोटा मी भोगला आहे. बॅटरी मेलेल्या माझ्या लॅपटॉपवर एका प्रोग्रॅममध्ये चाळीस मिनिटांचे मिक्स चालू असताना वीज गेली आणि हाती काहीच उरले नाही. टाइमलाइनवर काम केले, तर जतन केल्यानंतरचे तेवढेच जाते.

तरीही पहिला प्रोग्रॅम मी काढून टाकलेला नाही. कोणती रचना कोणाशेजारी बसेल हे चाचपायला त्याचे दोन डेक अजूनही रोज उघडतो.