गोल्फचा 'इम्पोर्टेड' सेट स्वस्तात मिळतोय? माझे 1,38,000 कसे गेले ते आधी वाचा

ज्यांनी नुकतंच गोल्फ सुरू केलंय त्यांच्यासाठी लिहितोय. बाकीच्यांना यातलं बरंच माहीत असेल, पण मला कोणी सांगितलं नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर मी पुण्यात शिकायला लागलो, वय 44. ऑफिसमधले तिघं शनिवारी सकाळी रेंजवर (बॉल मारायचा सराव करतात ती जागा) जायचे, त्यांच्यासोबत मी पण. पहिले दोन महिने भाड्याची एक जुनी 7 नंबर आयर्न (लोखंडी डोक्याची स्टिक) आणि बास्केटभर बॉल, एवढ्यावरच काढले आणि खरंच मजा येत होती. पण शेजारी जो उभा असायचा त्याची बॅग, बूट, पांढरा ग्लोव्ह, टोपी सगळं एका कंपनीचं, आणि मी ट्रॅकपँटवर. मला लाज वाटायची. हे मुद्दाम लिहितोय, कारण ज्याने मला लुबाडलं त्याने माझी लाजच हेरली होती.

गोल्फचं सामान विकणाऱ्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो भेटला. मी फक्त एका ड्रायव्हरची (सगळ्यात लांब मारायच्या स्टिकची) किंमत विचारली तर त्याचा लगेच फोन, एकदम गोड बोलणं, "सर तुमची कंपनीची मॅच आहे ना मार्चमध्ये, भाड्याच्या स्टिकवर जाणार? असल्या कपड्यांत तर कोर्सवर आतच सोडणार नाहीत." मी घाबरलो. आज माहितीये की बहुतेक ठिकाणी कॉलरचा टीशर्ट, नीट पँट, जीन्स नको आणि गवत खराब न करणारे बूट, एवढ्यात काम भागतं, कोर्सच्या ऑफिसला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण तो फोन मी केला नाही.

मग म्हणाला, "रूल 14 चा आहे सर, 14 स्टिक लागतात." नियम 14 चा आहे हे खरं, पण बॅगेत जास्तीत जास्त 14 ठेवता येतात असा तो नियम आहे, कमीत कमी किती याचा नियमच नाही. पाच स्टिक घेऊन गेलात तरी कोणी काही म्हणत नाही. खऱ्या नियमाचा उलटा अर्थ सांगून त्याने मला अख्खा सेट गळ्यात मारला.

'फिटिंग' केलं आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. टेप काढली, मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतलं, दोनदा हवेत स्विंग करायला लावला आणि म्हणाला तुमच्यात ताकद आहे, तुम्हाला स्टिफ शाफ्टच लागणार. मला बरं वाटलं ऐकून. स्टिफ शाफ्ट (कमी वाकणारी, कडक दांडी) जोरात स्विंग करणाऱ्यांसाठी असतो, नवशिक्याने तो घेतला तर बॉल खाली राहतो आणि उजवीकडे पळतो, माझं पुढचे पाच आठवडे नेमकं तेच झालं आणि मी समजत राहिलो की माझंच चुकतंय.

14 स्टिक, बॅग, बूट, दोन पोलो, तीन ग्लोव्ह आणि दोन डझन 'टूर' बॉल (मोठे खेळाडू वापरतात तसले), सगळे मिळून 1,38,000. दुकानात हेच तीन लाखांच्या वर जाईल म्हणाला, दुबईहून आणलंय, बिल हवं असेल तर ड्युटी आणि जीएसटी लागेल. यूपीआयला दिवसाची एक लाखाची मर्यादा आहे म्हणून पहिल्या दिवशी 1,00,000 आणि दुसऱ्या दिवशी 38,000 पाठवले. म्हणजे मध्ये एक अख्खी रात्र होती विचार करायला. बायको म्हणाली पण होती, बिल नाही तर घेऊ नकोस. ऐकलं नाही.

आधी बूट गेले. पहाटेच्या दवात दुसऱ्याच दिवशी मोजे भिजले आणि तिसऱ्या आठवड्यात उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला. ग्लोव्ह 'लेदर'चा होता तो घामाने सोलून निघाला, रेक्झिन होतं. मग बॉल. एका बॉलला वेजची (जवळचे, उंच फटके मारायच्या स्टिकची) कड लागली आणि वरचा पांढरा रंग टिकलीएवढा उडाला, नखाने खरवडत गेलो तर आत दुसराच रंग आणि कुठल्यातरी कॉर्पोरेट स्पर्धेचा लोगो. कोर्सच्या तळ्यात पडलेले बॉल काढून, रंग मारून, वर मोठ्या कंपनीचं नाव छापलेलं. असा एकेक बॉल मी साडेतीनशेला घेतला होता.

आणि मग ते झालं ज्यामुळे आजही अंगावर काटा येतो. रेंजवर 8 नंबर मारली आणि हातात नुसती दांडी राहिली. लोखंडी डोकं भिरभिरत गेलं आणि बॉल गोळा करणाऱ्या पोराच्या पायापासून हातभर अंतरावर मातीत रुतलं. तो पोरगा सोळा-सतराचा असेल. त्याला लागलं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं?

तिथे एक जुने कॅडी (खेळणाऱ्यांची बॅग उचलणारे) आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी ते डोकं उचललं, दांडी जिथे बसते तिथली काळी प्लास्टिकची रिंग बघितली, आतला डिंक कडेने ओघळून वाळलेला दाखवला. मग माझा ड्रायव्हर मागितला. टोपीला मार्कर (बॉलची जागा दाखवायला ठेवतात ती चकती) लावायची मॅग्नेटवाली क्लिप असते ना, ती काढून ड्रायव्हरच्या डोक्याला लावली, टक् करून चिकटली. "साहेब, वर टायटॅनियम लिहिलंय ना? टायटॅनियमला चुंबक धरत नाही." (चुंबक चिकटला नाही म्हणून माल खरा असं मात्र समजू नका, अॅल्युमिनियमलाही तो चिकटत नाही.) ड्रायव्हरच्या मानेजवळच्या सीरियल नंबरचा फोटो मी कंपनीला मेल केला, चार दिवसांनी उत्तर आलं, असा नंबर आमच्या रेकॉर्डमध्ये नाही. हा मेल पैसे द्यायच्या आधी करता येतो.

काका म्हणाले आम्ही सगळे एकाच मोडक्या आयर्नवर शिकलो. ते बरोबरच आहे, दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने 1991 आणि 1993 मध्ये इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकली. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली गोल्फर अदिती अशोक चौथी आली ती काही लांब मारण्यावर नाही, पटिंगवर (बॉल हळूच ढकलून भोकात घालण्यावर) आली. मला मात्र एक लाखाच्या वर घेऊन 'बॉल वीस यार्ड जास्त लांब जाईल' हे स्वप्न विकलं गेलं.

तक्रार केली. सायबरच्या 1930 वर आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर, दोन्हीकडे नोंद झाली. खातं एका तिसऱ्याच बाईच्या नावाचं निघालं. बिल नसल्यामुळे माझ्याकडे पुरावा म्हणजे यूपीआयच्या दोन एन्ट्री आणि चॅट, बरं की चॅट डिलीट केलं नव्हतं. तुमचं असं झालं असेल तर आधी स्क्रीनशॉट काढा, मग त्याच्याशी भांडा. पैसे अजून मिळालेले नाहीत.

आता माझ्याकडे सात स्टिक आहेत, एका रिटायर्ड कर्नल साहेबांचा जुना सेट, 16,000 ला घेतला, तो पण आधी रेंजवर दोन शनिवार मारून बघून. आणि कोचचे दहा क्लास लावले. कोचने मशीनवर स्विंगचा वेग मोजला आणि पहिलाच प्रश्न विचारला, तुम्हाला स्टिफ शाफ्ट कोणी दिला?

मंगळवारी त्या ग्रुपवर परत फोटो आले, तसाच सेट, तीच 'दुबई', फक्त नंबर नवीन. एकाने खाली विचारलं होतं, नवीन शिकतोय, घेऊ का? मी लिहिलं घेऊ नका, आणि ड्रायव्हरला चिकटलेल्या क्लिपचा फोटो टाकला. दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. त्या माणसाचा नंबर सेव्ह करायच्या आत. तो हे वाचत असेल तर, दादा, पैसे पाठवले नसतील तर थांबा.