बायपासनंतर सहा वर्षं: परत आलेलं वजन, रिव्हिजनचं कोटेशन आणि रश्श्याची वाटी

"सर, दोन किलो वाढू द्या, मग क्लेम बसवता येईल."

पुण्यातल्या ज्या हॉस्पिटलमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये माझा गॅस्ट्रिक बायपास झाला (वजन उतरवण्यासाठी जठराची छोटी पिशवी, म्हणजे पाऊच, करून ती थेट आतड्याला जोडतात ते ऑपरेशन), तिथल्या बाईंनी गेल्या ऑगस्टमध्ये मला फोनवर हे सांगितलं. वजन परत आलं म्हणून पुन्हा ऑपरेशन, म्हणजे रिव्हिजन, विम्यात बसवायची गोष्ट चालली होती. माझी उंची १६८ सेंटिमीटर, त्या दिवशी वजन ९७ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३४.४. पॉलिसीतली अट अशी की बीएमआय ४० तरी हवा, नाहीतर ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेला डायबेटिस किंवा तसंच एखादं गंभीर दुखणं. म्हणजे वजनही वाढवायचं आणि शुगरही बिघडवून घ्यायची. फोन ठेवला तेव्हा माझा हात थरथरत होता. ज्या माणसाने एकेका किलोसाठी पोट कापून घेतलं, त्याला हे सांगायचं?

बायपासबद्दल जास्त सांगत नाही, फक्त आकडे देतो. ऑपरेशनच्या वेळी १२८ किलो. मार्च २०२१ ला ७९, तो माझा सगळ्यात खालचा आकडा. २०२३ मध्ये ८४, २०२४ च्या दिवाळीला ९१ आणि ऑगस्ट २०२५ ला ९७. ४९ किलो उतरले, त्यातले १८ परत आले. एचबीए१सी, म्हणजे शुगरची तीन महिन्यांची सरासरी, ९.१ वरून ५.७ वर आलं होतं, आता ६.६ आहे. शुगरच्या दोन्ही गोळ्या दुसऱ्याच महिन्यात सुटल्या, त्या अजून सुरू कराव्या लागलेल्या नाहीत. गुडघे शाबूत आहेत, रोज सकाळी इथे कोल्हापुरात रंकाळ्याला पूर्ण फेरी होते. ऑपरेशन वाया गेलं असं मी म्हणणार नाही. कुणी करून घ्यायचं का विचारलं तर आजही हो म्हणेन.

माझी तक्रार ऑपरेशननंतरच्या वाऱ्यावर सोडण्याबद्दल आहे. चार महिन्यांत लॉकडाऊन लागला, तपासण्या फोनवर आल्या. दीड वर्षानंतर फोनही बंद झाले. त्यानंतर थेट रिव्हिजनचं कोटेशन: ४ लाख ७५ हजार, आठवड्यात अॅडव्हान्स भरला तर २५ हजार सूट. ना एन्डोस्कोपी, ना रक्त तपासणी, ना काय खाता याची चौकशी. आमच्या उद्यमनगरात लेथ बिघडला तरी मिस्त्री आधी उघडून बघतो, मग खर्च सांगतो.

सप्टेंबरमध्ये कोल्हापुरातच एका पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्या भेटीत रिव्हिजन हा शब्दच काढला नाही. एन्डोस्कोपी, रक्त आणि दहा दिवस खाल्लेल्या प्रत्येक घासाची वही, एवढंच मागितलं. एन्डोस्कोपीत पाऊच फार ताणलेला नव्हता. अल्सर नव्हता. जुन्या जठराशी पाऊच परत जोडला जातो, तशी वाटही तयार झालेली नव्हती. पण पाऊच आणि आतडं जोडलेलं तोंड, ज्याला ते स्टोमा म्हणतात, ते २२ मिलिमीटर झालं होतं. करताना हे तोंड साधारण १० ते १५ मिलिमीटर ठेवतात. तोंड मोठं झालं की अन्न पाऊचमध्ये थांबत नाही, पोट भरल्याची जाणीव लवकर जाते आणि दोन तासांत परत भूक. माझं अगदी तसंच चाललं होतं.

पर्याय त्यांनी कागदावर काढून दाखवले. एक, तोंडातून दुर्बीण घालून स्टोमाला आतून टाके घालायचे, नाहीतर कडा भाजून तोंड आवळायचं. त्यात पोट फाडावं लागत नाही. दोन, आतड्याची जोडणी आणखी खाली नेऊन शोषण कमी करायचं. वजन त्याने उतरतं, पण जुलाब आणि प्रथिनांची कमतरता मागे लागू शकते. माझं हिमोग्लोबिन १०.८ आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, ९, दोन्ही कमी, त्यामुळे हा रस्ता त्यांनी स्वतःच खोडला. पुण्याचं कोटेशन नेमकं याच ऑपरेशनचं होतं! तीन, इंजेक्शन. टिर्झेपॅटाइड हे भूक आणि वजन कमी करणारं औषध मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमची कुपी ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार, आणि थांबवलं की वजन परत येण्याची शक्यता. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरतोय, ते मला झेपणार नाही.

जाता जाता एक. कॅल्शियम सायट्रेटच घ्या. मी स्वस्त म्हणून दोन वर्षं कार्बोनेट घेत होतो. बायपासनंतर पाऊचमध्ये आम्ल फार कमी असतं, त्यामुळे कार्बोनेट नीट अंगी लागत नाही. शंभर रुपये वाचवायला गेलो ते असे.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात मोठी चूक इथे आहे. वही घेऊन मी त्याच दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीसमोर बसलो. पानं उलटता उलटता ती थांबली. "काका, रविवारी रस्सा किती वाट्या?"

म्हटलं, दोन तांबडा, तीन पांढरा. पाहुण्यांत असलो तर आणखी.

"आणि भाकरी?"

भाकरी कुस्करून. दुसरी कशी खातात?

तिने घरची वाटी मोजून यायला सांगितलं. औषधाच्या मापाने पाणी ओतत गेलो, वाटी १६० मिलिलिटर भरली. पाच वाट्या म्हणजे ८०० मिलिलिटर. आणि ऑपरेशननंतर माझा पाऊच साधारण ३० मिलिलिटरचा होता.

जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, हा नियम मी सहा वर्षं पाळला. टेबलावर तांब्यासुद्धा ठेवू देत नाही. पण रस्सा हे पाणीच असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, कुस्करलेली भाकरी रश्श्याबरोबर न चावता खाली उतरते, पाऊच भरतच नाही. शिवाय पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस. मिसळीचा कट, आमटी-भात, सगळ्याचं तेच. मेहुणा दर जत्रेला आग्रह करायचा, "घ्या की दाजी, पातळच हाय!" मीही घ्यायचो, पातळ आहे म्हणूनच घ्यायचो.

त्या रविवारी बायकोने सुकं मटण केलं आणि ताटात वाटीच ठेवली नाही. "अहो, आज असंच खाऊन बघा." चतकोर भाकरी, एकेक घास वीस वेळा चावून. सातव्या-आठव्या घासाला छातीच्या हाडाखाली काहीतरी दाबल्यासारखं झालं. मी हात थांबवला. तीच जाणीव, २०२० मध्ये रोज यायची ती. तीन वर्षं मी समजत होतो की ती मेली. बायकोला सांगताना माझा आवाज फुटेना.

इथपर्यंतचं ऑक्टोबरमध्ये लिहून ठेवलं होतं. आज जानेवारी २०२६, आणि दोन गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत.

पहिली, पुण्याची जुनी फाईल पुन्हा काढली. तिसऱ्या पानावर "जेवणासोबत सूप, ताक टाळावे" असं छापलेलं आहे. म्हणजे कुणीच सांगितलं नाही हे माझं म्हणणं पूर्ण खरं नाही. पण कोल्हापूरच्या माणसाला सूप म्हटलं की हॉटेलातलं टोमॅटोचं सूप आठवतं, रस्सा नाही. त्याच यादीत ब्रोकोली आणि ओट्स होते, ज्वारीची भाकरी कुठेच नव्हती. इथून इतके पेशंट तिथे जातात, त्यांच्यासाठी "रस्सा, कट, आमटी" एवढे तीन शब्द छापायला काय लागतं?

दुसरी, रस्सा बंद केला की सगळं सुटेल असं मला वाटलं होतं, तसं झालेलं नाही. पहिल्या सहा आठवड्यांत चार किलो गेले, मग काटा अडला. आज ९२.३ आहे. जेवणात पोट भरतं, पण अडीच-तीन तासांनी भूक लागतेच. तोंड २२ मिलिमीटरचं आहे ते आहेच. डॉक्टरांनी प्रथिनं दिवसाला ७० ग्रॅमवर न्यायला सांगितलं आहे आणि रक्तासाठी लोहाची सलाइन झाली. मार्चमध्ये परत एन्डोस्कोपी आहे. तेव्हाही वजन नव्वदीतच असेल तर आतून टाके घालून घ्यायचा विचार आहे. ते पुण्या-मुंबईला करावं लागेल, आणि क्लेम बसणार नाही हे धरूनच पैसे बाजूला काढतोय. बीएमआय आता ३२.७ आहे आणि तो मी कुणासाठी वाढवणार नाही.

ज्यांनी स्टोमाला असे टाके घालून घेतले आहेत, त्यांनी कृपया लिहा: ते किती दिवस टिकले, वर्षभराने भूक परत आली का, आणि सगळा मिळून खर्च किती आला. पहिल्या तीन महिन्यांचं वजन मला नको आहे, ते सगळेच सांगतात. दोन वर्षांनंतरचं सांगा.