पल्सर धुवायला फवारणी पंप

सोयाबीनवर औषध मारायला पाठीवर अडकवतात तो १६ लिटरचा बॅटरीवरचा पंप मी खास मोटरसायकल धुण्यासाठी घेतला. कृषी सेवा केंद्रवाल्याने सवयीने विचारलं, "किती एकर हाय भाऊ?" म्हटलं, एकर नाही, पल्सर आहे. तो न हसता म्हणाला, "मग डबल मोटरीचा कशाला घेता? सिंगल बास झाला." सल्ला बरोबर निघाला. कंपनी सांगून उपयोग नाही. लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या दुकानांत तोच पंप रंग बदलून चार-पाच नावांनी मिळतो. मला साडेतीन हजारांच्या आत पडला.

२०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं आमचं लातूर. इथे अंगणात नळी सोडून गाडी धुणाऱ्याकडे गल्ली अजून वळून बघते. प्रेशर वॉशरचा विचार केला होता. पण त्याला मिनिटाला सहा-सात लिटर पाणी लागतं, आणि शंभर बार दाबाचा तो झोत जवळून चाकाच्या बेअरिंगवर किंवा मीटरच्या कडेला बसला की सील ओलांडून पाणी आत जातं. फवारणी पंपाच्या दाबात तेवढा दमच नाही, आणि मला तेच हवं होतं. खटका सोडला की पाणी थांबतं, मोटरही थांबते. एका टाकीत गाडी धुऊन होते, शाम्पूची अर्धी बादली वेगळी. पाठीवर घ्यायची काही गरज नाही, भरलेला पंप वीस किलोच्या वर जातो. स्टुलावर ठेवायचा.

पंपाबरोबर आलेले प्लास्टिकचे नोझल तुषार उडवतात, त्यांनी फक्त धूळ ओली होते. झाडांवर औषध मारायचा पितळी नोझल वेगळा मागून घ्या. तो फिरवला की पाणी एका धारेत येतं.

आता खरी परीक्षा, काळी माती. पावसात शेतरस्त्याने गेलं की मागच्या मडगार्डच्या आत आणि इंजिनाखाली हिचे थर बसतात, आणि वाळले की विटेसारखे होतात. या पंपाची धार त्यांना हलवत नाही. आधी सगळीकडे पाणी मारून पंधरा मिनिटं गाडी सावलीत सोडायची, सायलेन्सरही तोवर गार होतो. मग जुन्या ब्रशने कोपरे खरवडायचे आणि शेवटी धार. माती भिजली की चिखल होऊन सुटते. कोरड्या मातीवर फडकं फिरवलं तर पेट्रोलच्या टाकीवर गोल गोल ओरखडे उमटतात. काळ्या गाडीवर उन्हात ते लगेच दिसतात. कपड्यांची पावडर नको, गाडीचा शाम्पू घ्या. तोही पंपात ओतू नका, बादलीतच ठेवा. पंपात फेस होऊन मोटर नुसती घरघरते.

बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात महत्त्वाचा. जड पाणी वाळलं की पांढरे ठिपके राहतात. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरणारे बरेच आहेत, पण त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. मातीसाठी चालेल, शेवटी नको. एसीच्या नळीखाली बादली ठेवा. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. टाकी, मीटर, आरसे त्यानेच विसळायचे आणि मायक्रोफायबरने टिपायचे.

चेनला हा पंप कामाचा नाही. तिथे क्लीनर, ब्रश आणि मग ल्यूब, म्हणजे चेनचं वंगण. मी मोटुलचा सी-टू वापरतो. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेनला फडकं लावणारे बघितले की माझ्याच बोटांना घाम फुटतो. ओ-रिंगच्या, म्हणजे कड्यांत रबरी रिंगा असलेल्या चेनला पेट्रोल लावू नका, रबर खराब होतं. ल्यूबचा फवारा टायर किंवा ब्रेकच्या डिस्कवर जाता कामा नये.

तक्रारी दोन. नळी आणि दांड्याच्या जोडातून पाणी झिरपत राहतं, वायसर बदललं की काही दिवस बरं. आणि बॅटरी उतरायला लागली की दाब हळूहळू पडतो, दिवा मात्र हिरवाच दाखवतो.

शेतातला जुना पंप घरी आणून हेच करू, असं कोणाच्या मनात असेल तर नको. तणनाशक मारलेल्या पंपाच्या नळीत औषधाचा अंश राहतो, कितीही विसळा. अंगणात आईची तुळस आहे, पोरं अनवाणी खेळतात. उलटंही तेवढंच: गाडीचा पंप कोणी शेजारी "एक दिवस द्या हो" म्हणत मागायला आला, तर सरळ नाही म्हणा. आमच्या काकांना मी म्हटलंय, अजून बोलत नाहीत.