१९८६चा मॅकिंतॉश प्लस: उसने किती, स्वतःचे किती

मंगळवार पेठेतील जुन्या बाजारातून ॲपल कंपनीचा मॅकिंतॉश प्लस हा संगणक घेतला, त्याला आता तीन महिने झाले. विक्रेत्याने तो चालू असल्याचे सांगितले होते. घरी आणल्यावर मात्र पडद्यावर केवळ एक उभी पांढरी रेघ उमटली. नारायण पेठेतील एका कारागिराने आतल्या बोर्डावरचे तडकलेले सोल्डरिंग पुन्हा करून दिले. यंत्र ११० व्होल्टचे असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागला.

माउस, पडद्यावरच्या खिडक्या, चिन्हे हे सगळे ॲपलने झेरॉक्सकडून ढापले, असे आपल्याकडे संगणक क्षेत्रातली जाणती माणसेही सहज बोलून जातात. मीही तसेच समजत होतो. ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज आणि त्यांचे सहकारी डिसेंबर १९७९मध्ये पालो आल्टोतील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात गेले होते हे खरे. पण ते चोरवाटेने गेले नव्हते, कारण त्याआधी झेरॉक्सला ॲपलचे एक लाख शेअर सुमारे दहा लाख डॉलरना घेऊ देण्यात आले होते. शिवाय झेरॉक्सच्या १९७३च्या ऑल्टो या संगणकाला जोडलेला माउस मुळात संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांचा होता आणि त्यांनी तो १९६८मध्येच जाहीरपणे चालवून दाखवला होता.

या नऊ इंची, ५१२ × ३४२ ठिपक्यांच्या पडद्यावर दोन खिडक्या एकमेकींवर ठेवून पाहाव्यात. वरची खिडकी बाजूला ओढताना फक्त तिची तुटक चौकट सरकते, बटण सोडताच खिडकी तिथे जाऊन बसते आणि खालच्या खिडकीचा झाकलेला कोपरा, तेवढाच, क्षणार्धात पुन्हा रेखला जातो. ही ॲपलचे प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांची करामत. झेरॉक्सकडे हे आधीच साधलेले आपण पाहिले, अशी त्यांची समजूत होती. वास्तविक तिथे तसे काही नव्हते. पाहिल्याच्या भ्रमातून त्यांनी ते स्वतः शोधून काढले, आणि मला तरी या यंत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. त्याउलट १९८५च्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या फरशांसारख्या शेजारी शेजारीच मांडाव्या लागत.

फाइल उचलून थेट कचरापेटीत टाकणेही झेरॉक्सच्या १९८१च्या स्टार या संगणकात असे नव्हते. तिथे आधी चिन्ह निवडून कीबोर्डवरची ‘मूव्ह’ कळ दाबावी लागे. कट-कॉपी-पेस्ट मात्र सरळसरळ तिकडचे आहे, कारण ते घडवणारे लॅरी टेस्लर १९८०मध्ये झेरॉक्समधून स्वतःच ॲपलमध्ये आले.

यंत्रात पंखा नसल्याने कमालीची शांतता मिळते, पण पुण्याच्या उन्हाळ्यात वरची बाजू चांगलीच तापते, त्यामुळे मी ते सकाळीच वापरतो. घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोर सुरू करून पाहावे आणि सिस्टिमची, म्हणजे यंत्र सुरू करणारी, ८०० केबीची फ्लॉपी सोबत असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आत हार्ड डिस्क नाही आणि तशी फ्लॉपी आजच्या संगणकाच्या नेहमीच्या फ्लॉपी ड्राइव्हवर तयार करता येत नाही.